नऊ इंचाला दोन इंच

"न्हाय वाजत म्हंजे न्हाय वाजत! मी काय आंधळा हाय? हालतंय ते दिसतंय मला. पन आवाज न्हाय त्याला!"

बाबा हे भर गल्लीत, आक्काच्या गॅलरीखाली उभा राहून ओरडला. मी वर स्टुलावर उभा, एका हातात पक्कड. आणि माझ्या डोक्यापासून वीतभरावर ते विंड चाइम वाजत होतं. असं वाजत होतं, की समोरच्या किराण्यात बिस्किटं घ्यायला आलेली दोन पोरं मान वर करून बघत राहिली होती.

"बाबा, मस्करी नको हां," मी म्हटलं.

"मस्करी तू लावलीस. तिसऱ्यांदा टांगतोस. आक्के, असल्या मानसाला काम देतेस व्हय गं? ह्यानं नववीत शाळेला टांग दिली, आता लोकांच्या घरात नळ्या टांगतोय."

किराणावाला हसला. पोरं हसली. आक्का पण पदर तोंडाला लावून हसली, ते मी बघितलं.

आपलं डोकं सटकलं. मी हुकातून चाइम उपसलं आणि खाली भिरकावलं. बाजूच्या बांधकामाच्या रेतीत जाऊन पडलं म्हणून वाचलं. "घे! आता तर नाय ना वाजत?" असं ओरडून मी जिना उतरलो.

आक्का वरून म्हणाली, "आरं पोरा, वाजत व्हता रं चांगला! कशाला टाकलास?"

पण तेव्हा मी कुणाचं ऐकत नव्हतो.

आक्का म्हणजे आमची घरमालकीण. कामतघरला तिची दोन मजल्यांची चाळ आहे. वर ती राहते, खाली आम्ही भाडेकरू. आमची खोली जिन्याखालची. मी, आई आणि बाबा. आक्काच्या सासऱ्यांची काल्हेरला भातशेती होती, आता तिथं गोडाऊन आहेत, आणि ते सगळं तिचा पुतण्या भावेशदादा बघतो. आक्काला दिवसभर काम नाय. ती मोबाईलवर वास्तूवाल्या बाईचे व्हिडिओ बघते. त्या बाईने सांगितलं वायव्येला सहा पायपांचं विंड चाइम लावा, आक्काने मागवलं. उन्हाने त्याची नायलॉनची दोरी कुजली आणि ते रस्त्यावर पडलं. वरून टेम्पो गेला. सहाच्या सहा पाइप चपटे.

"तू खिडक्या बनवतोस ना? मग हे पन बनव," आक्का म्हणाली.

मी मोरूदादाच्या दुकानात आहे, अ‍ॅल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या बनवतो. पायपांचे तुकडे तिथं पोतंभर पडलेले असतात. मला वाटलं त्यात काय आहे. पाइप कापायचा, टोकाला भोक पाडायचं, तार ओवायची, टांगायचं.

तसंच केलं. मोठा पाइप नऊ इंच, बाकीचे छोटे छोटे होत सहा इंचापर्यंत. टोकापासून अर्ध्या इंचावर भोक, तार घट्ट पिळून गोल फळीला बांधली. मधे लाकडाची चकती. टांगलं. वारा आला. टक्. टक् टक्. कुणीतरी खाटेच्या पायाला चमच्याने मारतंय असं.

बाबा तेव्हा पण खाली उभा होता. "न्हाय वाजत," म्हणाला. खरंच वाजत नव्हतं, म्हणून मी ते उतरवलं.

दुसऱ्यांदा मी लाकडाची चकती काढून लोखंडाची लावली. तर टक्‌चं टाक् झालं. किराणावाला म्हणाला, "चिंत्या, ये तो गॅरेज का आवाज है." बाबा परत म्हणाला, "न्हाय वाजत." आक्का म्हणाली, ऱ्हाऊ दे रं, मी नवीन मागवते. इथं मला राग आला. ऱ्हाऊ दे म्हणजे काय?

दुसऱ्या दिवशी दुकानात जेवणाच्या सुट्टीत मी एक नऊ इंची पाइप घेऊन बसलो. दोन बोटांनी अगदी टोकाला धरला आणि स्क्रू ड्रायव्हरच्या लाकडी मुठीने मारला. टक्. बरोबर मधे धरला. टक्. मग बोटं थोडी थोडी सरकवत गेलो, प्रत्येक ठिकाणी मारत. टक्, टक्, टुक्, टिन्, आणि एका जागी टिंऽऽऽग. एवढं लांब, की मोरूदादाने डब्यातून मान वर केली.

तिथं मार्करने खूण केली आणि मोजलं. टोकापासून दोन इंच. मग अठरा इंची पाइप घेतला. त्याची जागा सापडली चार इंचावर. म्हणजे नऊला दोन, अठराला चार. ते भिंतीवर लिहून ठेवलं. मोरूदादा म्हणाला, "भिंत कशाला घाण करतो?" मी म्हटलं, सूत्र आहे.

असं का होतं ते पण मी शोधलं, कुणी सांगितलं नाय. आमच्याकडे बारा फुटी पट्टी टोकं बाहेर ठेवून दोन स्टुलांवर आडवी ठेवली आणि मधे दाबली की मधला भाग खाली जातो आणि दोन्ही टोकं वर उचलतात. सोडलं की उलटं होतं. पाइपला मारलं की पाइप पण तसाच वाकतो, फक्त इतक्या फास्ट की दिसत नाय. मधला भाग खालीवर, टोकं खालीवर. पण त्यांच्यामधे दोन जागा अशा असतात ज्या हलतच नाय. तिथं धरलं तर पाइपला कळतच नाय कुणी धरलंय ते. तो आपला वाजत राहतो. टोकाला धरलं तर जे हलायचं तेच आपण दाबून ठेवलं. मग टक्‌च होणार. आणि मारायचं बरोबर मधे, जिथं सगळ्यात जास्त हलतो तिथं.

आक्काला वाटायचं वारा पोकळ पाइपातून जातो म्हणून आवाज होतो, बासरीसारखा. मी तिच्यासमोर पाइपच्या एका तोंडाला चिकटपट्टी लावली आणि वाजवून दाखवला. तसाच वाजला. वाऱ्याचं काम एवढंच, की खाली लोंबणारा पत्रा ढकलायचा. पत्रा दोरी ओढतो, दोरी चकती हलवते, चकती पाइपला लागते. वारा फक्त ढकलणारा. आवाज पाइपचा.

"मंग घरात येते ती ऊर्जा कशातून येते रं?" आक्काने विचारलं.

"ते त्या बाईला विचार. मी फक्त आवाजाचं सांगतो."

आई तिथंच तांदूळ निवडत बसली होती. आईचं माहेर दिघाशीच्या पुढचा पाडा. ती म्हणाली, "आमच्याकडं भाताला कणसं आली का बांधावर बाटली टांगतात. बुड फोडलेली, आत नट बांधून. वारा आला का खणखण करते. पोपट पळतात, डुकरं पन पळतात. आमी हाकलाया टांगतो, तुमी बोलवाया टांगता."

"बोलवाया म्हंजे लक्षुमीला गो," आक्का म्हणाली.

"तिला खणखण आवडते का?"

"ती काय डुक्कर हाय का पळायला?"

दोघी हसत सुटल्या. मी सहा पायपांना नवीन भोकं पाडत होतो. नऊला दोन, आठला पावणेदोनच्या जरा वर, असं. तारेऐवजी सैल धागा, चकती परत लाकडाची. आणि रविवारी तिसऱ्यांदा टांगलं. ते वाजलं. पुढचं सांगितलंच मी वर.

आता बाबाचं. नाव दौलत. बावीस वर्षं लूमवर, म्हणजे कापडाच्या मागावर होता. दिवाळीनंतर शेठने कारखाना बंद केला, मशिनी भंगारात गेल्या. मग कधी हमाली, कधी घरी. शेवटी आक्काने भावेशदादाला सांगून काल्हेरच्या गोडाऊनमधे त्याची ड्युटी लावून दिली. सोमवारपासून. म्हणजे मी चाइम फेकलं त्याच्या दुसऱ्याच दिवसापासून. बाबाला नारिंगी जाकीट पण मिळालं होतं, पाठीवर चमकणाऱ्या पट्ट्या असलेलं. ते त्याने आल्याबरोबर खिळ्याला टांगलं आणि त्याच्यासमोर बसून जेवला. त्याला घरी बसणं जमत नाय. मला पण जमत नाय, तेवढं आमचं सारखं आहे.

तर मी रागाने घरी येऊन पडलो होतो. बाबा माझ्या मागून आला आणि गॅसच्या बाजूला बसून बिडीची माचिस शोधायला लागला. आई बाहेर नळावर होती. कुकर लावलेला होता.

"तीन शिट्ट्या झाल्या का बंद करा वो," असं आई जाताना बाबाला सांगून गेली होती, समोर येऊन, तोंड दाखवून. आमच्या घरात सगळे तसंच बोलतात. आमच्या गल्लीतच सगळे तसे बोलतात, मोठ्याने आणि हात करून, कारण अर्धी गल्ली लूमवाली. लूमवर शंभर मशिनींचा खडखडाट असतो, तिथं तोंडाने बोलून काय उपयोग. चहाला एक खूण, धागा तुटला त्याला एक, शेठ आला त्याला एक. आम्हाला ते कधी वेगळं वाटलंच नाय.

कुकरची शिट्टी झाली. दोन. तीन. बाबा कुकरपासून हातभर अंतरावर. चार. मी उठून बसलो. बाबाने माचिस शोधून बिडी पेटवली. पाच.

आई नळावरून ओरडली, "आवं, बंद करा ना! डाळ लागंल!"

बाबा दाराकडे बघून म्हणाला, "काय?"

मीच उठून गॅस बंद केला. आई बादली घेऊन आत आली तेव्हा बाबा तिला सांगत होता, "शिट्टी खराब हाय त्याची. वाजतच न्हाय. उद्या दुसरी आनतो."

त्या कुकरला एका वर्षात तिसरी शिट्टी होती ती. दर वेळी बाबानेच बदललेली. दर वेळी तो म्हणायचा की कंपनीवाले आता माल हलका बनवतात.

मी तिथंच उभा राहिलो. आणि मग एकेक आठवायला लागलं. मोबाईलची रिंग. बाबा म्हणायचा बटनवाला फोनच बरा, ह्याला आवाज नाय. चिमण्या. दोन वर्षं तो सगळ्यांना सांगतोय, भिवंडीतली पाखरं गेली, कारखान्याच्या धुळीने मेली सगळी. आणि आम्ही पण हो म्हणायचो. आता ह्या क्षणी समोरच्या वायरवर चार चिमण्या बसून कटकट करत होत्या.

मी बाहेर पळालो. रेतीतून चाइम उचललं. धागे कापून सहा पाइप सुट्टे केले. मग सायकल घेऊन दुकानात गेलो. रविवार, पण मोरूदादाची चावी माझ्याकडे असते. तिथून अजून तीन पाइप घेतले. दोन फुटी, दीड फुटी आणि एक फुटी. मोठा पाइप जाड आवाज काढतो, छोटा बारीक. लांबी अर्धी केली की आवाज खूपच वर जातो, दुप्पट नाय, त्याच्याहून जास्त. हे पण मी मारून मारूनच शिकलो होतो.

"बाबा, तिकडं तोंड करून बस," मी घरी येऊन म्हटलं. "मी वाजवतो. ऐकू आलं की हात वर कर."

"कशाला?"

"आक्काला कुठला आवाज लावायचा ते ठरवायचंय."

खोटं बोललो. खरं सांगितलं असतं तर बसलाच नसता.

तो बसला, भिंतीकडे तोंड करून, बिडी तोंडात ठेवून. आई भात काढत होती, ती पण थांबली.

दोन फुटी पाइप टोकापासून सव्वापाच इंचावर धाग्यात अडकवला आणि चमच्याने मधे मारला. डॉंऽऽग. बाबाने हात वर केला. दीड फुटी. हात वर. एक फुटी. हात वर. मग नऊ इंची. हात वर. आठ. हात वर. सहा इंची, सगळ्यात बारीक, टिंग. हात वर!

मला वाटलं मीच गाढव. आईने पण माझ्याकडे बघितलं, म्हणजे झालं का तुझं समाधान.

पण मला एक दिसलं. बाबाचा हात मी मारल्यावर वर जात नव्हता. मी मारायला हात उचलला की वर जात होता. मी बघितलं तो कुठं बघतोय. भिंत कुठली? त्याच्यासमोर स्टीलचं कपाट होतं आणि कपाटाला आरसा. तो मुद्दाम करत नव्हता. त्याचे डोळे आपोआप तिथं जात होते. बावीस वर्षं डोळ्यांनीच ऐकत आलाय तो.

मी गेलो आणि आरशावर टॉवेल टाकला.

"आता काय?" बाबा म्हणाला.

"काय नाय. परत."

दोन फुटी. हात वर. दीड फुटी. हात वर. एक फुटी. काय नाय. जोरात मारला. मग हात वर गेला, अर्धा. नऊ इंची. काय नाय. जोरात. काय नाय. आठ. सात. सहा. मी सहा इंची पाइप त्याच्या कानामागे नेऊन मारला. माझ्या दातांत कळ आली एवढा आवाज. बाबा बिडीची राख झटकत शांत बसला होता.

"वाजव ना रं," तो म्हणाला. "थांबलास का?"

आईने डाव भातात तसाच सोडला. पुढे आली आणि बाबाच्या समोर बसली. त्याच्या तोंडासमोर. म्हणाली, "तो वाजवतोय. कवाचा वाजवतोय."

बाबा मागे वळला. माझ्या हातातला पाइप बघितला, अजून थरथरत होता. त्याने तो घेतला आणि चमच्याने स्वतः मारला. परत मारला. मग दोन बोटांनी पाइपच्या टोकाला हात लावला. तिथं हलतं ना, ते त्याच्या बोटाला कळलं. आवाज मेला, ते आम्हाला कळलं, त्याला नाय.

"हे असं तुमाला सगळ्यांना ऐकू येतं?" त्याने विचारलं.

"हो."

"आक्काला पन? म्हातारीला?"

"हो."

त्याने पाइप खाली ठेवला. मग म्हणाला, "लूमवर सगळ्यांचंच असं व्हतं. जाड आवाज येतो ना मला? मग झालं. बारीक आवाज घेऊन काय करायचंय?"

इथं मला वाटलं विषय संपला. आईने पण भात वाढला. आणि मग माझी नजर त्या नारिंगी जाकिटावर गेली.

त्या गोडाऊनला मी मागच्या महिन्यात गेलो होतो, ऑफिसच्या खिडक्या बसवायला. दोन दिवस होतो. यार्डात काय चालतं ते मी सगळं बघितलंय. बाबाची ड्युटी होती गाड्या मागे घ्यायची. म्हणजे बाबा ट्रकच्या मागे उभा राहणार, ड्रायव्हरला हात करणार, ये, ये, थांब. आणि त्याच वेळी बाबाच्या पाठीमागून माल उचलायच्या गाड्या जाणार. त्या आता बॅटरीच्या आहेत. इंजिन नाय, घरघर नाय. मागे जाताना फक्त एक बारीक आवाज काढतात. टीं टीं टीं. तिथले लोक त्या टीं टींवर बाजूला होतात, बघत पण नाय. मी स्वतः तसाच बाजूला झालो होतो, खिडकीची काच हातात धरून.

"बाबा, तू उद्या नाय जायचं," मी म्हटलं.

त्याला ऐकू नाय आलं, कारण मी जाकिटाकडे बघून बोललो होतो. मी त्याच्यासमोर जाऊन परत म्हटलं.

"का?"

मी सांगितलं. सगळं. बॅटरीची गाडी, टीं टीं, पाठ.

"मला दिसतं," तो म्हणाला.

"पाठीमागचं दिसतं? तिथं काय आरसा लावणार आहेस?"

"आवाज खाली कर."

"आवाज खाली केला तर तुला ऐकू येणार नाय!"

हे मी बोलायला नको होतं. पण बोललो. बाबाने ताट बाजूला सरकवलं.

"आता तू माझी परीक्षा घेनार? नववीत पळालेला? लूमवर बावीस वर्सं काढली, मागाचा धोटा उडून लोकांचे डोळे गेले, मला एक खरचट न्हाय. का? कारन मी बघतो. कुनाच्या बापाला बघता येनार न्हाय असं बघतो."

"तिथं मशीन एका जागेवर होती, बाबा. ही चालत येते."

"मग काय करू? घरी बसू? तुझ्या नळ्यांवर जगू?"

"मी भावेशदादाला फोन करतो. दुसरं काम दे म्हणतो."

बाबा उठला, माझा मोबाईल उचलला आणि स्वतःच्या खिशात टाकला. "त्याला सांगितलंस तर तो काय म्हनंल? म्हनंल बहिरा हाय, नको. दुसरं काम कोन देतो बहिऱ्याला? सांगितलंस तर ह्या घरात पाय ठेवू नको."

"नाय ठेवत!"

"नको ठेवू!"

आई मधे पडली. "आता दोघं पन गप. भात गार झाला." पण कुणी जेवलं नाय. डाळ तशी पण लागलेलीच होती.

मी बाहेर जाऊन आक्काच्या जिन्यावर बसलो. पाच मिनिटांनी आक्का उतरली आणि बाजूला बसली. आमचं बोलणं जिन्यातून वर जातं, तिने सगळं ऐकलं होतं.

"भावेशला मी सांगू का रं?" तिने विचारलं.

मला हो म्हणायचं होतं. तोंडावर आलं होतं. पण मग बाबा काय म्हणेल, ते नाय, बाबा कसा दिसेल ते माझ्या डोळ्यांसमोर आलं. उद्या तो जाकीट घालून तिकडे जाणार, आणि सगळ्यांना आधीच माहीत असणार. तो त्यांची तोंडं बघणार आणि त्याला सगळं कळणार, कारण तोंडं तर त्याला चांगली वाचता येतात.

"नको," मी म्हटलं. "तोच सांगेल."

"आनि नाय सांगितलन तर?"

"तर मी गेटवर आडवा पडेन."

"तू पडशीलच," आक्का म्हणाली. "मूर्ख हायस तेवढा. दौलत पन हाय."

आज सकाळी मी उठलो तेव्हा बाबा दाढी करून बसला होता. आरशावरचा टॉवेल त्याने काढला होता. जाकीट अंगात नव्हतं, घडी करून पिशवीत ठेवलं होतं. आई चहा गाळत होती आणि भांडी आपटत नव्हती, म्हणजे रात्री दोघांचं काय ते बोलून झालं होतं.

मी आधी चहा घेतला. म्हटलं आपण सुरुवात करायची नाय, केली की भांडण होतं.

"चिंतू," बाबा म्हणाला.

"काय?"

"भावेशला फोन केला व्हता आईनं. नऊला ऑफिसात हाय तो."

"तू सांगणार त्याला?"

"सांगतो. यार्ड नको, आत पॅकिंगला ठेव म्हनतो. खोके बांधायला बारीक आवाज लागत न्हाय." चहाचा कप त्याने खाली ठेवला. "ठेवंल का न्हाय ठेवंल, म्हायत न्हाय. न्हाय ठेवलं तर न्हाय."

मी मान हलवली.  

"पन तू चल संगती," तो म्हणाला.

"मी कशाला? काल तर मला तोंड घालू देत नव्हतास."

"तोंड न्हायच घालायचं. बोलनार मीच." बाबा खिडकीबाहेर बघत होता, मग माझ्याकडे बघितलं. "भावेश बोलतो तवा मान खाली असते त्याची, मोबाईलमधी. तोंड दिसत न्हाय. मागल्या वेळी तो काय काय बोलला ते मला अर्धं कळलंच न्हाय. मी आपला हो हो केलं. ह्या टायमाला मला सगळं कळाया पायजे. तो काय बोलंल ते तू मला सांग. जसं बोलंल तसं. चांगलं असो का वाईट."

"वाईट बोलला तर?"

"तर वाईट सांग. आनि त्याच्या अंगावर धावून जाऊ नको."

"नाय जाणार."

"आईची शपथ घे."

"नाय जाणार बोललो ना!"

"बघ, हितंच आवाज चढला," आई म्हणाली.

बाबा आता गल्लीच्या तोंडाशी उभा आहे. अंजूरफाट्याला जाणारी रिक्षा थांबवून ठेवली आहे त्याने, तिथून पुढे काल्हेरची मिळते. रिक्षावाला हॉर्न मारतोय, आणि बाबा त्याच्याशी काहीतरी बोलतोय, त्याच्या तोंडाकडे बघत. मोरूदादाला मी अजून सांगितलं पण नाय की आज उशीर होणार. सांगतो रिक्षातून, मोबाईल सकाळी बाबाने परत दिला. मला आता निघायला पाहिजे.